पायांच्या शिरांचे विकार आणि रक्तातील पांढऱ्या पेशी

दीर्घकाळ उभे राहून काम करणाऱ्यांच्या पायांवर फुगलेल्या, नागमोडी व निळसर शिरा दिसणे ही आपल्याकडे इतकी नित्याची बाब झाली आहे की, तिच्याकडे रोग म्हणून पाहण्याची सवयच आपल्याला राहिलेली नाही. वर्गात दिवसभर उभे राहून शिकविणारे शिक्षक, चौकातील वाहतूक पोलीस, यंत्रमागावरील कामगार, उपाहारगृहातील आचारी, दुकानातील विक्रेते आणि अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रिया यांच्यात हा विकार विशेषत्वाने आढळतो. सायंकाळी पाय जड होणे, घोट्याशी सूज येणे, रात्री पोटरीत गोळे येणे, अशा तक्रारींनी त्याचा प्रारंभ होतो. वर्षे लोटतात. घोट्याच्या वरची त्वचा काळपट तपकिरी होते, तिला खाज सुटते, ती कडक व तकतकीत बनते. मग एखाद्या क्षुल्लक खरचटण्याचे निमित्त होते आणि घोट्याच्या आतील बाजूस व्रण पडतो. तो महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे भरून येत नाही. आला तरी पुन्हा फुटतो.

अशा व्रणावर आपल्याकडे काय उपचार होतात? मलम लावले जाते, पूड टाकली जाते, जंतुनाशक गोळ्या दिल्या जातात, कापूस ठेवून वर पट्टी गुंडाळली जाते. म्हणजे सारे लक्ष व्रणाच्या पृष्ठभागावर केंद्रित होते. गेल्या सुमारे चार दशकांतील संशोधनाने मात्र असे दाखवून दिले आहे की, व्रण हे या रोगाचे केवळ अखेरचे टोक आहे. रोगाचे मूळ शिरांतील वाढलेल्या दाबात असून त्या दाबामुळे रक्तातील पांढऱ्या पेशी सूक्ष्म वाहिन्यांत अडकून पडतात आणि शरीराच्या रक्षणासाठी असलेले त्यांचे सामर्थ्य शरीराच्याच ऊतींवर उलटते. ही प्रक्रिया नीट समजून घेतली, तर उपचार कोठे करावयाचा हे आपोआपच स्पष्ट होते. प्रस्तुत लेखात तिचा परिचय करून देण्याचा प्रयत्न केला आहे.

रक्ताचा परतीचा प्रवास

हृदयाकडून शुद्ध रक्त शरीराच्या सर्व भागांत नेणाऱ्या वाहिन्यांना रोहिणी म्हणतात, तर वापरलेले रक्त हृदयाकडे परत आणणाऱ्या वाहिन्यांना नीला म्हणतात. बोलीभाषेत आपण ज्यांना पायाच्या शिरा म्हणतो त्या या नीलाच होत. रोहिणी व नीला यांच्या दरम्यान केसाहूनही सूक्ष्म अशा केशवाहिन्यांचे जाळे असते. ऊतींना प्राणवायू व पोषक द्रव्ये मिळण्याचे कार्य या जाळ्यात घडते.

पायातील रक्ताला हृदयाकडे जाण्यासाठी गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध चढावे लागते. त्यासाठी निसर्गाने दोन योजना केल्या आहेत. पहिली म्हणजे नीलांमधील झडपा. इटलीतील पादुआ येथील शरीररचनातज्ज्ञ फॅब्रिशियस याने १६०३ साली या झडपांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचा खरा उपयोग मात्र त्याचा इंग्रज शिष्य विल्यम हार्वे याने ओळखला. रक्ताभिसरणाविषयीच्या आपल्या १६२८ सालच्या ग्रंथात, या झडपा रक्ताला हृदयाच्या दिशेने जाऊ देतात व उलट फिरू देत नाहीत, हे त्याने सप्रयोग सिद्ध केले. दुसरी योजना म्हणजे पोटरीचे स्नायू. पाऊल टाकताना हे स्नायू आकुंचन पावतात व खोलवरच्या नीलांना पिळून रक्त वर ढकलतात. म्हणूनच पोटरीला शरीराचे दुसरे हृदय असे म्हटले जाते.

निश्चल उभ्या असलेल्या माणसाच्या घोट्याजवळील नीलांमधील दाब पाऱ्याच्या सुमारे ८० ते ९० मिलिमीटरएवढा असतो. तोच माणूस चालू लागला की, काही पावलांतच हा दाब ३० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून खाली येतो. ज्याच्या झडपा निकामी झाल्या आहेत त्याच्या बाबतीत मात्र वर ढकललेले रक्त पुन्हा खाली घसरते आणि चालतानाही दाब पुरेसा उतरत नाही. लंडनमध्ये निकोलायडीस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, चालतानाचा दाब ३० मिलिमीटरहून कमी असलेल्या रुग्णांत व्रण आढळला नाही. दाब जसजसा चढा तसतसे व्रणाचे प्रमाण वाढत गेले आणि ९० मिलिमीटरच्या पलीकडे जवळजवळ प्रत्येक रुग्णाला व्रण असल्याचे दिसले. दाब आणि व्रण यांचे नाते यावरून निर्विवाद ठरते.

परंतु येथेच खरा प्रश्न उभा राहतो. दाब आहे नीलेत, आणि व्रण पडतो त्वचेवर. या दोहोंच्या मध्ये नेमके काय घडते?

पूर्वीचे तर्क

या प्रश्नाचे पहिले सर्वमान्य उत्तर अमेरिकेतील बोस्टनचे शल्यविशारद जॉन होमान्स यांनी १९१७ साली दिले. त्यांच्या मते पायातील रक्त साचून राहते, साचलेल्या रक्तातील प्राणवायू संपतो आणि उपासमारीने त्वचा मरते. डबक्यात साचलेल्या पाण्याचे उदाहरण डोळ्यांपुढे आणले म्हणजे हा तर्क चटकन पटतो. पण तो खरा नव्हता. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी १९२९ साली अशा पायांतील नीलांचे रक्त तपासले, तेव्हा त्यातील प्राणवायूचे प्रमाण अपेक्षेप्रमाणे कमी नसून उलट अधिकच असल्याचे आढळले.

त्यानंतर १९८२ साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील ब्राउझ व बर्नंड यांनी दुसरा सिद्धान्त मांडला. वाढलेल्या दाबामुळे केशवाहिन्यांच्या भिंतींतून रक्तातील मोठे प्रथिनकण बाहेर झिरपतात, त्यांपैकी रक्त गोठविणाऱ्या द्रव्याचे फायब्रिन नावाच्या तंतूंत रूपांतर होते आणि त्या तंतूंचे वेष्टन केशवाहिनीभोवती बसून प्राणवायूची वाट अडविते, असे त्यांचे प्रतिपादन होते. सूक्ष्मदर्शकाखाली हे वेष्टन खरोखरच दिसते. तथापि, प्राणवायू अडविण्याइतके ते घट्ट नसते असे पुढील अभ्यासांत दिसून आले आणि हे तंतू विरघळविणाऱ्या उपचारांनी व्रण लवकर भरून आणण्यात अपेक्षित यश लाभले नाही.

दोन्ही तर्कांत एक गोष्ट समान होती. त्वचेला काहीतरी मिळत नाही म्हणून ती मरते, अशी दोहोंची धारणा होती. त्वचेवर कोणी आघात करीत असेल, ही शक्यता अद्याप पुढे आलेली नव्हती.

पांढऱ्या पेशींचे कार्य

रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये सुमारे ४० ते ५५ लाख तांबड्या पेशी असतात, तर पांढऱ्या पेशी केवळ ४ ते ११ हजार. संख्येने अल्प असल्या तरी शरीराच्या संरक्षणाचा भार त्यांच्यावरच असतो. युलिअस कोनहाइम या जर्मन शास्त्रज्ञाने १८६७ साली बेडकाच्या पारदर्शक पडद्यातील रक्तवाहिन्यांचे सूक्ष्मदर्शकातून निरीक्षण केले. जेथे इजा झाली होती, तेथे पांढऱ्या पेशी वाहिनीच्या कडेला सरकतात, भिंतीला चिकटतात आणि तिच्यातून वाट काढून बाहेरच्या ऊतींत शिरतात, असे त्याने पाहिले. लाली, उष्णता, सूज व वेदना या लक्षणांनी ओळखल्या जाणाऱ्या दाहाच्या मुळाशी पांढऱ्या पेशींचे हे स्थलांतर आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

ऊतींत शिरलेल्या पेशी जंतू गिळतात, मृत कणांची विल्हेवाट लावतात आणि त्यासाठी तीव्र रासायनिक द्रव्ये सोडतात. प्रथिनांचे विघटन करणारी विकरे आणि प्राणवायूची अत्यंत क्रियाशील रूपे ही त्यांची शस्त्रे होत. काम संपले की हा दाह शमतो व जखम भरून येते. दाह हा मुळात शत्रू नसून उपकारक असा तात्पुरता प्रबंध आहे. तो शमलाच नाही, तर मात्र अनर्थ ओढवतो. एखाद्या गावात दंगल शमविण्यासाठी आलेला बंदोबस्त कायमचाच मुक्काम ठोकून बसला, तर गावाचे दैनंदिन जीवन जसे विस्कळीत होईल, तशी त्या ऊतींची स्थिती होते.

पांढऱ्या पेशींचा आणखी एक गुणधर्म येथे लक्षात ठेवावयास हवा. तांबडी पेशी लवचीक असते आणि अरुंद केशवाहिनीतून दुमडून सहज निघून जाते. पांढरी पेशी तिच्याहून मोठी व कडक असते. तिला त्याच वाटेने जाण्यास अधिक वेळ व अधिक जोर लागतो. प्रवाह मंदावला की ती मागे राहणार, हे उघड आहे.

एक साधा प्रयोग

हाच धागा पकडून १९८७ साली मॉइसेस, सीडरहोम-विल्यम्स व मिशेल या ब्रिटनमधील संशोधकांनी पाय खाली सोडून बसलेल्या निरोगी व्यक्तींच्या पावलांतून परत येणारे रक्त तपासले. त्यात पांढऱ्या पेशी कमी झाल्याचे आढळले. म्हणजे पावलांत गेलेल्या काही पांढऱ्या पेशी तेथेच राहत होत्या.

पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, लंडन येथे टॉमस, नॅश व डॉर्मंडी यांनी हा प्रयोग शिरांचा विकार असलेल्या रुग्णांवर केला. पद्धत अगदी सोपी होती. रुग्णाला प्रथम आडवे ठेवून घोट्याजवळील नीलेतील रक्ताचा नमुना घ्यावयाचा, मग त्याला एक तास पाय लोंबते ठेवून बसवावयाचे व नमुने घ्यावयाचे, आणि नंतर पुन्हा आडवे करून तपासणी करावयाची. पाय खाली सोडले की रक्तातील पाणी ऊतींत झिरपून रक्त दाट होते. त्यामुळे नुसत्या पांढऱ्या पेशी मोजल्या तर फसगत होण्याचा संभव असतो. म्हणून तांबड्या पेशींच्या तुलनेत पांढऱ्या पेशी किती, हे प्रमाण काढण्यात आले.

समजण्यासाठी असे मानू की, आरंभी दर एक लाख तांबड्या पेशींमागे १०० पांढऱ्या पेशी होत्या. तासाभराने निरोगी व्यक्तीच्या रक्तात त्या ९३ राहिल्या, तर रुग्णाच्या रक्तात ७० च उरल्या. म्हणजे निरोगी पायात सुमारे ७ टक्के, तर विकार असलेल्या पायात सुमारे ३० टक्के पांढऱ्या पेशी अडकल्या. याहूनही सूचक बाब पुढे दिसली. पुन्हा आडवे होताच निरोगी व्यक्तींतील अडकलेल्या पेशी मोकळ्या होऊन प्रवाहात परतल्या. रुग्णांतील पेशी मात्र तशा परतल्या नाहीत. दररोज, तासामागून तास, वर्षानुवर्षे हे घडत राहिले तर त्या पायाचे काय होईल, याची कल्पना वाचकांना सहज करता येईल.

याच आधारावर १९८८ साली कोलरिज स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी नवा सिद्धान्त मांडला. अडकलेल्या पांढऱ्या पेशी उत्तेजित होतात, आपली विकरे व क्रियाशील द्रव्ये तेथेच सोडतात आणि त्यामुळे केशवाहिन्या व त्वचा यांचा नाश होतो, असे त्यांनी प्रतिपादन केले. त्वचा केवळ उपाशी नाही, तिच्यावर आतून मारा होत आहे, हा विचार प्रथमच इतक्या स्पष्टपणे पुढे आला.

चक्र कसे पूर्ण होते

पुढील संशोधनाने या सिद्धान्तात काही दुरुस्त्या केल्या. पांढऱ्या पेशी बुचाप्रमाणे केशवाहिन्या बंद करतात, ही आरंभीची कल्पना मागे पडली. केशवाहिन्यांच्या पुढील सूक्ष्म नीलांच्या अस्तराला त्या चिकटतात, यावर आता भर दिला जातो. वाहते रक्त अस्तरावरून सतत घासत जात असते आणि हे घर्षणच अस्तराला शांत ठेवते. प्रवाह मंद व उलटसुलट झाला की अस्तराच्या पेशी जाग्या होतात व आपल्या पृष्ठभागावर चिकट रेणू उभारतात. जाणाऱ्या-येणाऱ्या पांढऱ्या पेशी त्यांत गुंततात. कडक व काळवंडलेल्या त्वचेचे तुकडे तपासता त्यांत प्रामुख्याने भक्षकपेशी व लसिकापेशी, म्हणजे जुनाट दाहात आढळणाऱ्या पेशी, दिसून आल्या. ही एका दिवसाची चकमक नसून दीर्घकाळ धुमसणारी आग आहे, असाच त्याचा अर्थ होय.

त्वचेचा तपकिरी रंगही याच कथेचा भाग आहे. वाढलेल्या दाबाने तांबड्या पेशी वाहिनीबाहेर पडतात, फुटतात व त्यांतील लोह ऊतींत साठते. ते उचलण्यासाठी भक्षकपेशी येतात आणि दाहात आणखी भर पडते. म्हणून घोट्यावरील काळा डाग हा केवळ सौंदर्याचा प्रश्न न मानता आगामी व्रणाची पूर्वसूचना मानावी.

पांढऱ्या पेशींचे कार्य त्वचेपुरते मर्यादित नाही, असेही आढळून आले आहे. विकारग्रस्त रुग्णांच्या नीलांच्या झडपांत व झडपांलगतच्या भिंतींत भक्षकपेशी शिरल्याचे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. त्यांच्या विकरांनी भिंतीतील आधारतंतू कुरतडले जातात, भिंत सैल पडते, झडपेच्या दोन पाकळ्या एकमेकींपासून दूर जातात व झडप गळू लागते. झडप गळली की दाब वाढतो, दाब वाढला की आणखी पेशी चिकटतात, त्यांनी आणखी झडपा निकामी होतात. असे हे दुष्टचक्र आहे. त्याचा आरंभ दाबापासून होतो की दाहापासून, याविषयी तज्ज्ञांत अद्याप मतभेद आहेत. पण चक्र कोठे तोडावयाचे याविषयी मात्र मतभेद नाहीत. दाब उतरवा, म्हणजे पेशी सुटतील, हे त्याचे सूत्र होय.

जंतूंविना दाह

येथे एका व्यापक गैरसमजाचा निर्देश करणे आवश्यक आहे. पाय लाल व गरम झाला, त्यातून स्राव वाहू लागला की, जंतुसंसर्ग झाला असे गृहीत धरून प्रतिजैविकांच्या गोळ्या सुरू केल्या जातात. वर पाहिल्याप्रमाणे शिरांच्या विकारातील दाह जंतूंविनाही होतो. उघड्या व्रणावर जंतू असतातच, परंतु ते तेथे असणे आणि त्यांनी ऊतींवर आक्रमण करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ताप येणे, लाली झपाट्याने पसरणे, वेदना एकाएकी वाढणे, दुर्गंधीयुक्त पू येणे ही खऱ्या संसर्गाची लक्षणे होत व त्या वेळी वैद्यकीय उपचार त्वरित घेतलेच पाहिजेत. एरवी प्रतिजैविकांनी हा व्रण भरून येत नाही. उलट औषधांना न जुमानणारे जंतू निर्माण होतात व गरीब रुग्णाचा पैसा व्यर्थ जातो. तीव्र मलमांच्या वापराने व्रणाभोवतीच्या त्वचेवर इसब उठते, ही आणखी एक आपत्ती. व्रण स्वच्छ पाण्याने किंवा सलाईनने धुवावा व त्यावर न चिकटणारी साधी पट्टी ठेवावी, एवढे पुरेसे असते.

दाब उतरविण्याचे उपाय

पहिला व सर्वांत महत्त्वाचा उपाय म्हणजे दाबपट्टी. बोटांच्या मुळापासून टाचेसह गुडघ्याच्या खालपर्यंत अशा रीतीने पट्टी बांधतात की, दाब घोट्याशी सर्वांत जास्त, म्हणजे पाऱ्याच्या सुमारे ४० मिलिमीटरएवढा, व वर कमी कमी होत जावा. त्यामुळे फुगलेल्या नीलांचा व्यास घटतो, प्रवाहाचा वेग वाढतो, झिरपा थांबतो आणि पांढऱ्या पेशींना चिकटून राहण्यास वाव उरत नाही. अमेरिकेत २००८ व २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, दाबपट्टीच्या उपचारानंतर व्रणाच्या ऊतींतील विघटनकारी विकरे व दाहजनक द्रव्ये यांचे प्रमाण घटल्याचे दिसून आले. वरून साध्या दिसणाऱ्या पट्टीचा परिणाम पेशींच्या पातळीपर्यंत पोचतो, याचे हे प्रत्यंतर होय. व्रण भरून आल्यावरही दाबाचे मोजे वापरणे चालू ठेवावे लागते, अन्यथा तो पुन्हा फुटण्याची शक्यता असते.

दुसरा उपाय बिनखर्चाचा आहे. दिवसातून अनेकदा पाय हृदयाच्या पातळीहून वर ठेवून पडावे, आणि निजताना खाटेच्या पायथ्याखाली विटा ठेवून तो अंगुळ-दोन अंगुळ नव्हे, तर चांगला वीतभर उंच करावा. हृदयाचा किंवा श्वसनाचा आजार असणाऱ्यांनी मात्र हे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावे. तिसरा उपाय म्हणजे चालणे. उभे राहणे वेगळे व चालणे वेगळे, हा भेद येथे महत्त्वाचा आहे. उभे राहण्याने दाब चढतो, चालण्याने उतरतो. चालणे शक्य नसेल तर टाचा उचलण्याचा व घोटा फिरविण्याचा व्यायामही पोटरीला कामास लावतो.

चौथा उपाय निकामी शिरेवरील शस्त्रक्रियेचा. ब्रिटनमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, केवळ दाबपट्टी आणि दाबपट्टीच्या जोडीला शस्त्रक्रिया यांची तुलना करण्यात आली. व्रण भरून येण्याचे प्रमाण २४ आठवड्यांत दोन्ही गटांत सारखेच, म्हणजे ६५ टक्के होते. पण एका वर्षात व्रण पुन्हा फुटण्याचे प्रमाण केवळ पट्टीच्या गटात २८ टक्के, तर शस्त्रक्रियेच्या गटात १२ टक्के होते. पुढे शिरेत बारीक नळी घालून उष्णतेने ती बंद करण्याच्या पद्धती रूढ झाल्या. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ४५० रुग्णांच्या चाचणीत, असा उपचार विलंब न लावता केल्यास व्रण भरण्याचा मध्यक कालावधी ८२ दिवसांवरून ५६ दिवसांवर येतो, असे आढळले. तात्पर्य, पट्टीने व्रण भरतो व शिरेचा बंदोबस्त केल्याने तो परतून येण्यास प्रतिबंध होतो.

पांढऱ्या पेशींची उत्तेजितता कमी करणाऱ्या औषधांचाही शोध घेण्यात आला. त्यांपैकी पेन्टॉक्सिफायलिन हे औषध पट्टीच्या जोडीला दिल्यास व्रण भरून येण्यास साहाय्य होते, असे चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणातून दिसते. तथापि ते पट्टीचा पर्याय नव्हे आणि डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून ते घेऊ नये.

सावधगिरीच्या सूचना

पायावरचा प्रत्येक व्रण शिरांमुळेच होतो असे नाही. मधुमेह, कुष्ठरोग आणि रोहिणी अरुंद होणे ही देखील त्याची कारणे असतात. रोहिणी अरुंद झालेल्या पायावर घट्ट पट्टी बांधली, तर होता तो रक्तपुरवठाही बंद पडून पाय गमावण्याची पाळी येऊ शकते. यासाठी पट्टी बांधण्यापूर्वी घोट्याच्या व दंडाच्या रक्तदाबाची तुलना करतात. घोट्याचा दाब दंडाच्या दाबाच्या ०.८ पटीहून कमी असल्यास पूर्ण दाबाची पट्टी बांधीत नाहीत. चालताना पोटरी दुखून थांबावे लागणे, पाऊल थंड पडणे ही रोहिणीच्या विकाराची चिन्हे होत. म्हणून पहिली पट्टी प्रशिक्षित व्यक्तीकडूनच बांधून घ्यावी.

एकच पाय अचानक सुजून दुखू लागल्यास खोल नीलेत रक्ताची गुठळी झाल्याचा संशय धरून त्वरित रुग्णालय गाठावे. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेल्यास प्राणावर बेतते.

फुगलेली शीर फुटून रक्तस्राव झाल्यास रुग्णाला ताबडतोब आडवे निजवावे, पाय उंच धरावा व फुटलेल्या जागेवर स्वच्छ फडक्याने घट्ट दाब द्यावा. रक्त थांबते. घाबरून रुग्णाला खुर्चीवर बसविणे किंवा मांडीला दोरी आवळणे या दोन्ही गोष्टी घातक आहेत, कारण त्यांनी शिरेतील दाब वाढून रक्तस्राव अधिकच होतो. ही एक माहिती गावातील दहा घरांत पोचली, तरी एखादा जीव वाचू शकेल.

आपण काय करू शकतो

शिक्षकांना या विषयाचा दुहेरी उपयोग आहे. रक्ताभिसरणाचा पाठ शिकविताना झडपा, पोटरीचे स्नायू व पांढऱ्या पेशी यांचा संबंध या उदाहरणाने सहज उलगडतो. शिवाय स्वतःच्या पायांसाठी एका जागी उभे न राहता बाकांमधून फिरत शिकविणे व मधून मधून बसणे हितावह ठरते. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत किंवा आरोग्य शिबिरात पायाच्या जुनाट व्रणाच्या रुग्णांची विचारपूस करावी. असे रुग्ण दुर्गंधीच्या संकोचाने घराबाहेर पडत नाहीत, व त्यांना शोधूनच काढावे लागते. आशा कार्यकर्ती व आरोग्यसेविका यांच्या साहाय्याने त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात व तेथून शल्यचिकित्सकाकडे पाठविता येईल.

अधिकाऱ्यांनी व संस्थाचालकांनी उभ्या कामाच्या जागी बसण्याची सोय आहे की नाही, हे पाहावे. ही मागणी नवी नाही. उभे राहून काम करणाऱ्या कामगारांसाठी संधी मिळेल तेव्हा बसता यावे, अशी तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमातच करण्यात आली होती. दुकानांतील विक्रेत्यांच्या बाबतीत केरळने २०१८ साली व तामिळनाडूने २०२१ साली बसण्याच्या सोयीची कायदेशीर तरतूद केली. केरळातील ही तरतूद कापडदुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या स्त्रियांनी उभारलेल्या चळवळीचे फळ होते. एक साधे स्टूल हे देखील रोगप्रतिबंधाचे साधन ठरू शकते.

पांढऱ्या पेशी या आपल्या शरीराच्या रक्षक आहेत. साचलेल्या दाबाने त्यांना कोंडून धरले म्हणजेच त्या घातक ठरतात. तेव्हा त्यांच्याशी लढण्याचे कारण नाही; त्यांची वाट मोकळी करणे एवढेच आपले काम आहे. घोट्याशी पहिली सूज व पहिला काळा डाग दिसताच हे काम हाती घेतले, तर पुढील अनेक वर्षांच्या वेदना, खर्च व बुडालेली मजुरी टळू शकेल. या दृष्टीने प्रत्येक शाळेने, कार्यालयाने व ग्रामपंचायतीने ही माहिती आपापल्या परिसरात पोचवावी, हीच अपेक्षा.